देवदत्ताच्या घरावरील कावळा

परगावाहून आलेला कोणी पांथस्थ वेशीत उभा राहून देवदत्ताचे घर कोणते असे विचारतो आणि गावकरी बोट दाखवून म्हणतो, 'तो कावळा बसला आहे ना, तेच देवदत्ताचे घर.' आमच्या जुन्या शास्त्रकारांनी लक्षणाचे प्रकार समजावून देताना हा दृष्टान्त योजिला आहे. जे वस्तूच्या स्वरूपातच अनुस्यूत असते ते स्वरूपलक्षण. आणि जे वस्तूच्या बाहेरचे असूनही ती वस्तू इतरांपासून वेगळी ओळखण्यापुरते उपयोगी पडते ते तटस्थलक्षण. कावळा हे घराचे तटस्थलक्षण होय. पंचवीसाहून अधिक वर्षे तर्कशास्त्र शिकवीत असता हा कावळा आम्ही प्रतिवर्षी वर्गात आणून बसविला, आणि मागल्या बाकावरून प्रतिवर्षी तोच प्रश्न आला की, 'सर, कावळा उडून गेला तर?' वर्गात हशा पिके, आम्हीही हसत असू, आणि तास संपे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही हे आम्हांस कळण्यास एका स्नेह्याचे दुखणे कारण झाले.

हे स्नेही आमच्याच वयाचे, शाळेत गणित शिकविणारे, मितभाषी गृहस्थ. त्यांच्या दंडांवर व मांड्यांवर तांबूस गाठी उठू लागल्या. उठत, मधोमध काळवंडत, फुटत आणि पाचसहा आठवड्यांत आपोआप सुकून जात; मागे तेवढा एक खोलगट व्रण राही. एक सुकते तोच दुसरी उठे. प्रथम ढेकूणडासांवर दोष गेला, मग गजकर्णाची मलमे झाली. पुढे शेजारपाजारी 'महारोग तर नसेल?' अशी कुजबूज निघाली. येथे आमच्याकडून जे घडले ते सांगून टाकणे भाग आहे. ते आमच्या घरी चहास येत. एके दिवशी ते उठून गेल्यावर त्यांचा पेला आम्ही वेगळा काढून ठेविला. कोणी सांगितले नव्हते. पुस्तके वाचलेला, पदवी घेतलेला आमचाच हात तो पेला उचलून फळीच्या टोकास ठेवता झाला. पुढच्या खेपेस त्यांस त्याच पेल्यात चहा दिला गेला, आणि ते गणिताचे शिक्षक असल्यामुळे एकूण पेल्यांतून हा एक वजा झाला आहे हे त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसावे.

शेवटी त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासणीस पाठविण्यात आला. उत्तर आले ते असे : त्वचेत मोठ्या, विद्रूप अशा लिम्फोसाइट पेशींचे पुंजके आहेत, त्या पेशींच्या पृष्ठभागावर सी.डी. ३० नावाची खूण आहे. लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचा, विचार व्हावा. कागदावर 'विचार व्हावा' असे होते. घरी पोहोचेपर्यंत तेवढे दोन शब्द गळून पडले. स्नेह्यांनी मृत्युपत्र करविले. कन्येचे लग्न जवळजवळ ठरले होते. मुलाकडील मंडळींस एकाएकी पत्रिकेत दोष आढळला. आमची भाची पॅथॉलॉजीची डॉक्टर आहे. तो कागद घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो. तिने तो वाचला आणि म्हणाली, "मामा, ह्यात खूण लिहिली आहे. रोग कोणता तो अजून लिहायचा आहे. त्यासाठी ह्या गाठी वागतात कशा ते सांगा." गाठी वागतात कशा! हा शब्दप्रयोग आम्हांस त्या वेळी विलक्षण वाटला. त्याचा अर्थ उलगडण्यासाठी थोडे शरीरशास्त्रात शिरावयास हवे. वाचकांनी कंटाळू नये. ज्या गोष्टीवरून माणसांची लग्ने मोडतात ती काय आहे हे समजून घेण्यास अर्धी घटका फार नव्हे.

आपल्या रक्तातील व त्वचेतील प्रत्येक पेशीच्या आवरणावर निरनिराळ्या जातींचे प्रथिनरेणू बाहेर डोकावत असतात. बाहेरील निरोप घेऊन तो आत पोहोचविणे हे त्यांतील पुष्कळांचे काम; म्हणून त्यांस ग्राही म्हणतात. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिल्स्टाइन ह्यांनी अगदी एकाच रेणूस चिकटणारी प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची युक्ती शोधून काढली, आणि ह्या रेणूंची मोजदाद सुरू झाली. १९८२ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेपासून त्यांस सी.डी. ही अक्षरे व पुढे अनुक्रमांक देण्याची पद्धत पडली. घरांना नगरपालिकेने क्रमांक द्यावेत तसलाच हा प्रकार. त्यावरून घरात कोण राहतो ते कळत नाही. परंतु क्रमांकांत एक गुण आहे, तो हा की ते फसवीत नाहीत. नावे फसवितात. त्वचेच्या ज्या लिम्फोमास वैद्यकात आजही मायकोसिस फंगॉइडिस म्हणतात त्याचा बुरशीशी काडीमात्र संबंध नाही. अलिबेर नावाच्या फ्रेंच वैद्याने १८०६ साली ज्या रोग्याचे वर्णन केले त्याच्या अंगावरील गाठी त्यास अळंबीसारख्या दिसल्या, एवढ्यावरून ते नाव पुढे पडले आणि दोनशे वर्षे टिकले.

ह्याच रोगाचा एक उग्र भाऊबंद आहे. १९३८ साली पॅरिसमध्ये आल्बेर सेझारी ह्यांनी बूव्रँ ह्यांच्या समवेत असा रोगी वर्णिला की ज्याची सर्व त्वचा लालभडक झाली होती आणि ज्याच्या त्वचेत व वाहत्या रक्तातही राक्षसी आकाराच्या पेशी सापडल्या. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ह्या पेशींचे केंद्रक मेंदूच्या वळ्यांसारखे दुमडलेले दिसले, आणि १९७० नंतरच्या दशकात त्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या रक्षणार्थ नेमलेल्या लिम्फोसाइटच, आहेत हे निश्चित झाले. पंचाईत अशी की सर्वांग लाल होण्याची कारणे अनेक आहेत. जुनाट इसब, सोरायसिस, एखाद्या औषधाची बाधा, ह्यांनीही माणूस नखशिखान्त लाल होतो, आणि त्याच्या रक्तात वळ्यावळ्यांच्या केंद्रकाच्या थोड्या पेशीही सापडू शकतात. मग सेझारीचा रोगी ओळखावा कसा? बराच काळ मुख्य खूण होती ती एका अभावाची. निरोगी टी-पेशींवर बहुधा असणारे सी.डी. ७ व सी.डी. २६ हे रेणू ह्या पेशींवरून पुष्कळदा नाहीसे झालेले असतात. वैशेषिकांनी अभावास सातवा पदार्थ मानिले ह्याचे आम्हांस कौतुक वाटते; पॅथॉलॉजिस्टही तो मानतात. पण अभावाची साक्ष नाजूक असते. सी.डी. ७ नसलेल्या पेशी साध्या दाहातही वाढतात आणि वृद्धांच्या रक्तातही जास्त आढळतात. म्हणून एखादी भावरूप खूण हवी होती.

ती २००१ साली फ्रान्स व इटलीतील संशोधकांनी दाखविली. तिचे नाव के.आय.आर. ३ डी.एल. २, आणि क्रमांक सी.डी. १५८ के. ह्या ग्राहीची कथा ऐकण्यासारखी आहे. त्याचे मूळ घर टी-पेशी नव्हेच म्हटले तरी चालेल. शरीरात नैसर्गिक मारक पेशी म्हणून एक फिरते पहारेकरी पथक आहे. हे पहारेकरी समोरच्या पेशीच्या अंगावर 'मी ह्याच शरीराची' असे सांगणारी एच.एल.ए. नावाची खूण आहे की नाही ते पाहतात. ती नसेल तर मारतात. शत्रूची खूण शोधण्यापेक्षा स्वकीयाची खूण हरवली आहे काय हे पाहावे, अशी ही रीत. स्वीडनच्या क्लास केरे ह्यांनी १९८६ साली ती मांडली. ही स्वकीयाची खूण वाचून मारेकऱ्याचा हात आवरून धरणाऱ्या ग्राहींच्या कुळातील आमचा हा ग्राही होय. म्हणजे ज्या डोळ्याचे काम दुसऱ्याची ओळखचिठ्ठी वाचून त्यास अभय देणे, तोच डोळा बिघडलेल्या टी-पेशीच्या कपाळी येऊन बसला आणि स्वतःच ओळखचिठ्ठी झाला! सेझारीच्या बहुसंख्य रोग्यांत बिघडलेल्या पेशींवर तो सापडतो. निरोगी माणसांत मात्र थोड्याशा मारक पेशींवर व काही मोजक्या टी-पेशींवरच.

हा कावळा घरावर का बसला? केवळ योगायोगाने बसला असेल तर तो शुद्ध तटस्थलक्षण ठरेल. परंतु प्रयोगशाळेत असे दिसून आले आहे की अतिउत्तेजित टी-पेशीने आपण होऊन मरावे असा जो निसर्गनियम आहे, त्यातून बिघडलेल्या पेशीस सुटका मिळवून देण्यात ह्या ग्राहीचा हात आहे. तसे असेल तर कावळा काही अंशी घराच्या आढ्यातच विणला गेला आहे असे म्हणावे लागेल. शास्त्रकारांनी आखलेली स्वरूप व तटस्थ ह्यांमधील रेघ सृष्टीने पाळलीच पाहिजे असे काही नाही.

आता खरा प्रश्न येतो. खूण सापडली की मनुष्याच्या मनात पहिला विचार ओळखण्याचा येतो आणि दुसरा, त्यास लागूनच, मारण्याचा. ह्या ग्राहीस चिकटून त्या पेशीवर मारक पेशी सोडणारे लाक्युटामॅब नावाचे प्रतिपिंड तयार झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या प्रयोगात ४४ रोगी होते. त्यांतील १६ जणांस गुण आला. सेझारीचे ३५ होते, त्यांतील १५ जणांस. ज्या रोगात कातडी सोलून काढावी असे वाटण्याइतकी खाज सुटते आणि रात्र रात्र झोप नाही, त्यात हे आकडे लहान नव्हेत. परंतु प्रतिपिंडास दिलेली आज्ञा पाहा : 'ज्या ज्या घरावर कावळा असेल ते ते घर जाळ.' घर देवदत्ताचे की यज्ञदत्ताचे हे ते पाहत नाही. निरोगी मारक पेशींवर तोच ग्राही असेल तर तिचाही निकाल त्याच आज्ञेने लागावयाचा. अन्नंभट्टाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे लक्षण अतिव्याप्त आहे. शिवाय काही बिघडलेल्या पेशींवर ते नसतेच, म्हणून अव्याप्तही आहे. तरी वैद्य ते वापरतात, आणि आमच्या मते योग्यच करतात.

योग्य का? कारण पेशीस स्वतःचा असा कोणताही दावा नाही. दावा आहे तो त्या सबंध माणसाचा. त्याच्या जिवासाठी त्याच्याच संमतीने त्याच्या काही निरपराध पेशी खर्ची पडल्या तर अन्याय झाला असे म्हणण्यास कोणी उरत नाही. नफा ज्याचा, तोटाही त्याचाच. हे एवढे उघड विधान आम्ही सावकाश करीत आहो, कारण नेमके हेच विसरून एक फार घातक उपमा जगात रूढ झाली आहे. अमुक जमात म्हणजे समाजाच्या अंगावरचा कर्करोग, अमुक लोक म्हणजे राष्ट्रदेहातील विष, ही भाषा गेल्या शतकात युरोपात बोलली गेली आणि तिचा शेवट कोठे झाला ते सर्वविदित आहे. ह्या उपमेत समाज म्हणजे देह आणि माणूस म्हणजे पेशी. परंतु समाजरूपी देहास खाज सुटत नाही, रात्री झोप न लागल्याने तो कण्हत नाही. कण्हतात ती माणसे. नफा एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा असा हा हिशेब असल्यामुळे उपमा जेथे उपयोगी पडावयाची तेथेच मोडते.

इतकेच नव्हे. असली भाषा बोलणारे वैद्यकाचा हवाला देतात, पण वैद्यक स्वतः, पेशीच्याही बाबतीत, एका खुणेवर निकाल देत नाही. येथे आमच्या भाचीच्या त्या वाक्याकडे परत येऊ. १९६८ साली मकॉले नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने एका विचित्र विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. गाठी उठत, फुटत, आपोआप बऱ्या होत. वर्षानुवर्षे हाच क्रम चाले आणि रोगी खडखडीत. पण गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पाहणारा दचकावा इतक्या भेसूर पेशी! डोळ्यांस दिसणारे रूप कर्करोगाचे, आणि वागणूक सज्जनाची. मकॉलेने दोन्ही गोष्टी शीर्षकातच शेजारी शेजारी मांडल्या, एकीच्या पायी दुसरी पुसून टाकिली नाही. ह्यात आम्हांस त्याचा मोठेपणा दिसतो. ह्या विकारास त्याने लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस हे नाव दिले. सी.डी. ३० ही खूण पुढे १९८२ साली कील येथील संशोधकांनी हॉजकिनच्या रोगातील पेशींवर शोधिली, आणि तीच मकॉलेच्या विकारातही सापडली. तीच त्वचेच्या काही खऱ्या लिम्फोमांत सापडते, आणि तीच कधी कधी कीटकदंशाच्या किंवा खरजेच्या साध्या गाठीतही तुरळक दिसते. कावळा एकच, घरे अनेक.

सी.डी. ३० वरही बाण आहे. त्या ग्राहीस चिकटून आत विष सोडणारे ब्रेंटक्सिमॅब नावाचे औषध अमेरिकेत २०१७ साली त्वचेच्या लिम्फोमांपैकी काहींसाठी मान्य झाले. मकॉलेच्या विकारात ती खूण ठसठशीत असते, म्हणजे नेम धरण्यास काही अडचण नाही. तरीही वैद्य सहसा तो बाण काढीत नाहीत. कारण त्याने हातापायांच्या मज्जातंतूंस इजा पोहोचते, आणि आपण होऊन बऱ्या होणाऱ्या गाठींसाठी माणसाच्या बोटांची संवेदना घालविणे त्यांस रास्त वाटत नाही. पुष्कळदा ते काहीच औषध देत नाहीत, किंवा फारच त्रास असल्यास दुसरे एखादे सौम्य मात्रेत देतात. मात्र रोग्यास जन्मभर अधूनमधून तपासणीस बोलावतात, कारण अशांपैकी काहींस पुढेमागे खरा लिम्फोमा होतो.

येथे एखादा चिकित्सक वाचक आम्हांस अडवील. 'वागणुकीची वाट पाहा म्हणता. पण सेझारीच्या रोग्यात वागणूक दिसेपर्यंत थांबले तर रोगी हातचा जाईल. खुणेचे मोलच हे की ती कृत्याच्या आधी दिसते.' आक्षेप खरा आहे आणि त्यास पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही एवढेच म्हणतो की सेझारीच्या बाबतीतही खूण एकटी साक्षीस येत नाही : त्वचेची स्थिती, रक्तातील पेशींची संख्या, त्वचेत व रक्तात एकाच मूळ पेशीची संतती आहे काय ह्याचा पुरावा, हे सारे एकत्र तपासले जाते. आणि मकॉलेच्या विकारातील पहाऱ्याविषयी म्हणाल तर पहारा हीसुद्धा शिक्षा होऊ शकते हे आम्ही जाणतो. ह्याच देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यांच्या माणसांनी काही केले असो वा नसो, त्यांस हजेरी द्यावी लागे, आणि १९५२ साली त्या विमुक्त होईपर्यंत हे चालले. त्या जमातींची हजेरी आणि आमच्या स्नेह्यांची दर सहा महिन्यांची तपासणी ह्यांत भेद काय? दोन्हींकडे खुणेवरून पहारा आहे. भेद एवढाच आम्हांस दिसतो की एक पहारा पाहिला जाणाऱ्यासाठी आहे आणि दुसरा त्याच्याविरुद्ध होता; आणि स्नेही उद्या न जाण्यास मोकळे आहेत. हा भेद लहान आहे असे आम्हांस वाटत नाही, परंतु तो कोणा तिऱ्हाइताने बाहेरून पाहिला तर दिसणारही नाही.

त्वचेच्या रोगांत हा प्रश्न अधिक बोचतो, कारण येथे खूण रस्त्यावरच्या माणसासही वाचता येते, निदान वाचता येते असे त्यास वाटते. सावळ्या कातडीच्या लोकांत मायकोसिस फंगॉइडिसचा एक प्रकार पांढुरक्या चट्ट्यांच्या रूपाने येतो. त्याची गती बहुधा मंद असते, पण आपल्याकडे तो चट्टा पाहताच लोक कोड म्हणतात, नाहीतर महारोग, आणि पंगतीतील पान हलते. महारोग औषधाने पुरता बरा होतो हे ठाऊक झाल्यावरही तो घटस्फोटाचे कारण म्हणून आमच्या कायद्यांत राहिला होता. २०१९ साली ते कलम निघाले. कायद्यातून काढण्यास संसदेचा एक ठराव पुरला. आमच्या स्वयंपाकघरातील फळीच्या टोकावरून तो पेला काढण्यास कोणता ठराव पुरावा?

स्नेह्यांच्या गाठी वागतात कशा ते आम्ही भाचीस सांगितले, तिने तिच्या वरिष्ठांस दाखविले, दोनदा पुन्हा तुकडे तपासले गेले, छातीपोटाचे फोटो झाले, आणि मकॉलेचाच विकार ठरला. मृत्युपत्र त्यांनी फाडले नाही. 'केव्हातरी करायचेच होते,' म्हणाले. कन्येचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. पहिल्या मंडळींस खरी हकीकत कळविण्याची आम्ही तयारी दाखविली तेव्हा त्यांनी मान हलविली. अजूनही पावसाळ्याच्या सुमारास दोनचार गाठी उठतात आणि जातात.

निदान ठरले त्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. आमच्या घरातून चहा आला तो सर्वांच्या पेल्यांबरोबर, एकाच ताटलीत. त्यांनी पेल्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "तो जुना पेला फुटला काय?" आम्ही 'हो' म्हणालो. तो फुटला नव्हता. अजूनही तेथेच आहे.